अजगराच्या भुकेचा हिशेब

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाचे सामान महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी उघडले. बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत ११ साप निघाले : ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. त्याच वर्षी जानेवारीत चेन्नई विमानतळावर बेवारस सोडलेल्या सामानातून ४५ बॉल पायथन बाहेर आले होते. एवढा जीव धोक्यात घालून हे साप आणले जातात ते कुणाच्या तरी घरात पाळले जावेत म्हणून.

हौस लागायला गाव मोठे असावे लागत नाही. परभणी, नांदेड आणि अकोला अशा तीन दिशांना रूळ जाणाऱ्या पूर्णा जंक्शनसारख्या गावातही हातातल्या मोबाइलवर तीच चित्रफीत दिसते : मनगटाभोवती शांत वेटोळे घातलेला, बिनविषारी, गोंडस डोळ्यांचा आफ्रिकी अजगर, म्हणजेच बॉल पायथन. असा साप घरी आला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, याला खायला किती घालायचे आणि किती दिवसांनी? सर्वांत जास्त चुका याच प्रश्नाच्या उत्तरात होतात. उपासमारीने दगावणारे साप आहेतच. पण मायेपोटी भरवून भरवून आजारी पडलेल्या सापांकडे कुणाचे लक्षही जात नाही, कारण धष्टपुष्ट साप पाहून घरचे खूशच असतात.

पूर्णेला साप नवे नाहीत. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते. काळी जमीन, कालव्याचे पाणी, ऊस, कापूस, सोयाबीन आणि धान्याची साठवण असल्यावर उंदरांना आणि घुशींना काय कमी? त्यांच्या मागे धामण, नाग, घोणस येणारच. सापाशी एवढी जुनी ओळख असूनही सापाच्या पोटाविषयीची समजूत मात्र नागपंचमीच्या दुधापाशीच अडलेली आहे. साप दूध पचवू शकत नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो तो कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून. तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढे येईल त्या द्रवात तोंड घालतो, आणि ते दूध पुढे त्याच्याच जिवावर उठते. पाळीव अजगराच्या बाबतीत दुधाची जागा कोंबडीच्या तुकड्यांनी, अंड्यांनी आणि ‘अजून एक उंदीर’ या हौसेने घेतलेली असते.

नव्या पाळणाऱ्याची पहिली दोन वर्षे बहुधा एकाच वळणाने जातात. पिल्लू येते तेव्हा साठ-सत्तर ग्रॅमचे असते. ते बुजलेले असते. हात लावला की डोके आत घेऊन गोळा होते. पहिला उंदीर त्याने झडप घालून आवळला की घरात आनंदीआनंद होतो. मग मित्र बघायला येतात आणि त्यांना दाखवायला ठरलेल्या दिवसाआधीच दुसरा उंदीर सोडला जातो. साप तोही गिळतो. त्यावरून त्याला भूक होती असा अर्थ काढला जातो. वाढ झपाट्याने होते, वजनाचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. दुसऱ्या हिवाळ्यात साप अचानक तोंड फिरवतो. एक आठवडा जातो, तीन जातात, दोन महिने होतात. घाबरलेले घर दर दोन दिवसांनी उंदीर पुढे धरते, कुणीतरी जबडा उघडून घास कोंबायचा सल्ला देते, आणि इथून खऱ्या दुखण्याला सुरुवात होते.

आपल्याकडे पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात आग्रहाने आणखी एक जिलबी पडते, तसाच हा आग्रह. माणूस निदान पान उचलून उठू शकतो. पेटीतल्या सापाला ती सोय नाही. भक्ष्य समोर आले की शक्य तोवर गिळायचे, हे त्याच्या रक्तात आहे, कारण जंगलात पुढचा घास कधी मिळेल याची खात्री नसते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ माळांवर, शेतांच्या कडेला, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत हा अजगर दडून राहतो. लुका लुइसेली आणि फ्रान्चेस्को आंजेलिची या संशोधकांनी १९९८ साली आग्नेय नायजेरियातल्या या सापांचा आहार नोंदवला, तेव्हा लहान चणीच्या, झाडांवर चढणाऱ्या नरांच्या खाण्यात पक्षी जास्त आणि थोराड माद्यांच्या खाण्यात उंदरांसारखे सस्तन प्राणी जास्त आढळले. बेनिनमधल्या उइदा गावात या सापांचे मंदिरच आहे. तिथले अजगर रात्री बाहेर सोडले जातात, आपली शिकार आपणच शोधतात, आणि कुणाच्या घरात शिरले तर गावकरी त्यांना सन्मानाने मंदिरात आणून सोडतात. पूजा आहे, पण भरवणे नाही.

अजगराचे शरीर क्वचित मिळणाऱ्या जेवणासाठी घडलेले आहे, हे प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी नव्वदच्या दशकात बर्मी अजगरावर केलेल्या कामातून कळले की उपासाच्या काळात त्याचे आतडे आक्रसून जवळजवळ विश्रांती घेते. भक्ष्य गिळले की दोन-तीन दिवसांत तेच आतडे वजनाने सुमारे दुप्पट होते आणि चयापचयाचा वेग कित्येक पटींनी चढतो. २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात जेवणानंतर ४८ तासांत हृदयाच्या स्नायूचे वजन ४० टक्के वाढलेले आढळले. पचन संपले की ही सारी यंत्रणा पुन्हा आवरली जाते. एका जेवणासाठी आतड्यापासून हृदयापर्यंत सगळे शरीर कामाला लागते. ते उरकायच्या आत दुसरा उंदीर पोटात ढकलला की जे खर्च होत नाही ते चरबी होऊन साठते, आधी शेपटीकडच्या भागात आणि मग यकृतात.

म्हणून हिशेब सापाच्या वजनावरून करायचा, त्याच्या झडपेवरून नव्हे. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ही पहिली खरेदी. अनुभवी पाळणारे आणि प्राणिवैद्य जे प्रमाण वापरतात ते साधारण असे. पिल्लू २०० ग्रॅमच्या आत असेपर्यंत त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भरेल एवढे भक्ष्य, दर सात दिवसांनी. ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅमचे उंदराचे पिल्लू पुरते. २०० ते ५०० ग्रॅमपर्यंत १० टक्के, सात ते दहा दिवसांनी. ३०० ग्रॅमच्या सापाला ३० ग्रॅमचा उंदीर. ५०० ते १००० ग्रॅमच्या टप्प्यात सुमारे ७ टक्के, दोन आठवड्यांनी. त्यापुढे ५ टक्क्यांच्या आसपास, तीन ते चार आठवड्यांनी. १५०० ग्रॅमच्या प्रौढ सापाचा महिन्याचा खुराक म्हणजे ७५ ग्रॅमचा एक उंदीर, बस्स. वाचणाऱ्याला हे क्रूरपणाचे वाटेल, सापाला वाटत नाही. काटा नसेल त्या दिवशी एक खूण पाळावी : सापाच्या धडाच्या सर्वांत जाड भागापेक्षा भक्ष्य जाड नको.

आकड्यांइतकेच डोळ्यांनीही तपासावे. निरोगी बॉल पायथनचे अंग वरच्या बाजूला किंचित निमुळते, गोलसर त्रिकोणी दिसते. पाठीचा कणा धारेसारखा वर आला तर साप खंगतो आहे. अंग नळकांड्यासारखे गोल झाले, वेटोळे घातल्यावर खवल्यांमधली कातडी ताणून दिसू लागली, वळणाशी घड्या पडल्या आणि शेपूट एकदम बारीक वाटू लागली, तर तो लठ्ठ झाला आहे. अशा सापाला एकदम उपाशी ठेवू नये. दोन जेवणांमधले अंतर हळूहळू वाढवावे, भक्ष्य लहान करावे आणि पेटीत चढायला फांद्या, दडायला जागा देऊन त्याला हालचाल करायला लावावी. वजन उतरायला महिने लागतात, आणि ते तसेच उतरायला हवे.

मराठवाड्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, ती तापमानाची. सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. पचन बाहेरच्या उबेवर चालते. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश आणि हवेत ५५ ते ७० टक्के ओलावा अशी व्यवस्था त्याला लागते. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीत काही वर्षी पहाटे पाच अंशांच्याही खाली येतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतली पेटी भट्टी होते, हिवाळ्यात वीज गेली की ऊब देणारी पट्टी रात्रीत थंड पडते. पोटात उंदीर असताना अंग गारठले तर पचन थांबते, उंदीर आतच कुजू लागतो आणि साप उलटी करतो. थंडीच्या दिवसांत वीज जाण्याची शक्यता असेल तर इन्व्हर्टरची सोय झाल्यावरच खाऊ घालावे, नाहीतर तो आठवडा सोडून द्यावा. हीटर थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये. त्याने साप भाजतो.

उलटी झाली तर लगेच दुसरा घास देण्याचा मोह आवरावा. पाणी ताजे ठेवावे, तापमान तपासावे आणि किमान दहा ते चौदा दिवस काही देऊ नये. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. पुन्हा उलटी झाली तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठावा. जेवणानंतर ४८ तास सापाला हातात घेऊ नये, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवावा.

काय द्यावे याबाबत गावातल्या सोयीचा विचार घात करतो. शेतात किंवा गोदामात पकडलेला उंदीर फुकट मिळतो, पण त्याने झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन घातलेले आमिष खाल्लेले असू शकते; ते विष सापाच्या पोटात जाते, शिवाय जंत आणि रोगजंतू येतात ते वेगळेच. कोंबडीचे तुकडेही चालत नाहीत. हाडे, यकृत आणि आतडी यांच्यासकट अख्खा प्राणी गिळल्यावरच सापाला कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळतात. घरी वाढवलेले किंवा खात्रीच्या ठिकाणचे पांढरे उंदीर गोठवून ठेवावेत, थंड जागी पूर्ण विरघळू द्यावेत आणि मग गरम पाण्याने कोमट करून लांब चिमट्याने द्यावेत. जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडून झोपणे फार धोक्याचे. सापाने खाल्ले नाही तर उंदीरच सापाचे अंग कुरतडतो, आणि त्या जखमा पाठीच्या हाडांपर्यंत जातात.

उरला प्रश्न उपासाचा. बॉल पायथन खाणे बंद करण्यात सर्व पाळीव सापांत प्रसिद्ध आहे. कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात तेव्हा तो खात नाही. विणीच्या हंगामात नर महिनोन्महिने खात नाहीत. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी तर बहुधा तोंडही उघडत नाही. नवी जागा, फार उघडी पेटी, सतत हाताळणे यांनीही भूक मरते. प्रौढ सापाचे वजन स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांचा उपास चिंतेचा नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी एकदा भक्ष्य दाखवावे आणि नकार दिला तर निमूट बाजूला व्हावे. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, तोंडात चिकट फेस दिसला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा पिल्लाने महिनाभर काहीच खाल्ले नाही, तर मात्र थांबू नये. पूर्णेकरांना परभणीचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय जवळ आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर कुठे मिळतील याची चौकशी तिथून सुरू करता येईल. जबडा उघडून घास कोंबणे हे डॉक्टरांचे काम आहे, घरच्यांचे नव्हे.

हे सारे लागू होते ते कायद्याने ठेवता येणाऱ्या सापालाच. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे किंवा घरात ठेवणे हा किमान तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. ऊसतोडीच्या वेळी अजगराचे पिल्लू सापडले तर दोन दिवस ठेवून खाऊ घालण्याचा विचारही करू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन परदेशी असला तरी तोही बिननोंदणीचा ठेवता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचे नाव आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांना आपल्या कायद्यात जागा मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. कागदपत्रे दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याकडून साप घेणे म्हणजे त्या बिस्किटाच्या पुड्यांतल्या व्यापाराला पैसे पुरवणे.

घेण्याआधी आणखी एका आकड्याचा विचार व्हावा. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एका खासगी मालकाकडून आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली, वयाच्या साठीच्या पुढे, नराच्या सहवासाशिवाय अंडी घातली. घरात नीट सांभाळलेला साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. बारावीत असताना हौसेने आणलेला साप मुलगा शिक्षणाला पुण्याला किंवा संभाजीनगरला गेला की आई-आजीच्या हाती येतो. त्यांच्यासाठी पेटीवर एक वही बांधलेली असावी. तारीख, सापाचे वजन, भक्ष्याचे वजन, खाल्ले की नाकारले, विष्ठा कधी केली, कात कधी टाकली आणि पेटीचे तापमान, एवढे सात रकाने पुरेत. डॉक्टरकडे जातानाही सापाबरोबर तीच वही न्यावी. पहिला प्रश्न ते शेवटच्या जेवणाचाच विचारतात.