पटावर नाव आहे. वर्गात जागा आहे का?



समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलाला शाळेत बसू देणे, असा अर्थ आपण बहुधा घेतो. तो अपुरा आहे. विशेष शाळेत मूल इतरांपासून वेगळे शिकते. एकात्मिक शिक्षणात ते सर्वांच्या शाळेत येते, पण जुळवून घ्यायचे ते त्यानेच. समावेशक शिक्षणात मुलासाठी शाळा बदलते. १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने हाच विचार जगापुढे ठेवला.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मग अडते कुठे?

ओळख. त्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांत हा आजार ठाऊक आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तप्रवाह अडतो आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. आज हसतखेळत असलेले मूल उद्या अंथरुणाला खिळते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून हजेरीपटावर ते फक्त ‘गैरहजर’ आणि शिक्षकांच्या लेखी ‘आळशी’ ठरते. त्याला हवे असते ते थोडेच: वर्गात केव्हाही पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मुभा, थंडीत ऊबदार कपडे, खेळाच्या तासाला दमल्यावर विश्रांती आणि बुडालेला अभ्यास भरून देणारे कोणीतरी.

दाखला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागते. त्यात आईबापांची मजुरी बुडते.

भाषा. घरी भिली, कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. अशा वेळी ऐकू कमी येते की भाषा कळत नाही, हे शिक्षकांच्या लवकर ध्यानात येत नाही.

शिक्षक. एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता असतात आणि विशेष शिक्षक क्वचितच येतात. दोष एकट्या गुरुजींना देऊन भागणार नाही.

दृष्टी. ‘शिकून काय करणार?’ हा प्रश्न रॅम्प बांधून सुटत नाही.

यांतले काही अडथळे सरकारनेच दूर करायचे आहेत. काही मात्र आपल्या हातचे आहेत. दाखल्यासाठी कुटुंबासोबत जाणे, एक दिवसाची मजुरी भरून देणे, आजारी मुलाला घरी जाऊन शिकवणे, यांना मोठा निधी लागत नाही.

गटचर्चेसाठी:
१. आपल्या भागातले कोणते मूल वरचेवर गैरहजर असते? कारण कोणी विचारले आहे का?
२. आपल्या रविवारच्या वर्गात अशा मुलाला जागा आहे का?