आधी व्याकरण की आधी बोलणे?

प्रश्न : हिंदीभाषक प्रौढांना मराठी शिकवताना आधी व्याकरण घ्यावे की थेट संभाषण?

उत्तर : कॅनडातील क्वेबेक प्रांतात 1965 साली सुरू झालेल्या फ्रेंच निमज्जन वर्गांत, म्हणजे शालेय विषयच नव्या भाषेतून शिकवण्याच्या पद्धतीत, इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले, परंतु वर्षानुवर्षांनंतरही लिंगाच्या व क्रियापदरूपांच्या चुका टिकून राहिल्या, त्यामुळे निव्वळ संभाषणावर विसंबता येत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल लाँग यांनी मांडलेला मार्ग, म्हणजे अर्थपूर्ण व्यवहार चालू असतानाच अडलेल्या रूपाकडे क्षणभर लक्ष वेधणे, येथे अधिक उपयोगी दिसतो. बाजारहाटाविषयी बोलताना विद्यार्थी ‘मी भाजी आणलो’ म्हणाला (काही बोलींत अशी रूपे चालतात, ते वेगळे), तर ‘भाजी आणली? आणि कांदे?’ असे विचारावे. ‘कांदे आणले’ हे त्याच्या तोंडून आले की बहुतेक सकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात, यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात, हे सांगणे सोपे जाते. हिंदीत ‘लाना’ कर्त्याप्रमाणेच चालते, चुकीचे मूळ तेथे आहे. ‘रस्ता’चे ‘रस्त्यावर’ होताना येणाऱ्या सामान्यरूपासाठी मात्र वेगळा, थोडा कंटाळवाणा सरावही लागतोच.