कागद पक्का होता, तरीही

बाबांच्या मृत्युपत्रात नाव ठेवायला जागा नव्हती. दोन साक्षीदार, त्यांतले एक आमचे डॉक्टर. वर दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. पुण्यातला फ्लॅट आम्हां भावंडांना निम्मा-निम्मा, मुदतठेवी मात्र सगळ्या धाकट्याला. "त्याला काही कमी पडायला नको," हा एकच घोर बाबांना होता. माझा हा भाऊ चाळिशीचा आहे, जन्मापासून मतिमंद. सही गिरवतो, पण पैशाचा व्यवहार त्याला कळत नाही.

बाबा गेले, ठेवी त्याच्या झाल्या आणि तिथेच सगळे अडले. बँकेने विचारले, याचा कायदेशीर पालक कोण? आई आधीच गेलेली; मी बहीण आहे, एवढे पुरेल असे वाटले होते. पण अठरा वर्षे पूर्ण झाली की जन्मदात्यांनाही पालकत्व कायद्याने मिळवावे लागते, हे तेव्हा कळले. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला. दाखले, हेलपाटे, यात वर्ष गेले. तोवर त्याची औषधे, कार्यशाळेची फी मी भरली. मला जमले, प्रत्येक बहिणीला जमेलच असे नाही. आता पालक म्हणून दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. तो द्यायलाच हवा, पण माझ्यानंतर कोण देणार?

मृत्युपत्र मालमत्ता हातात देते आणि तिथे त्याचे काम संपते. घेणारा हात सांभाळू शकत नसेल, तर ट्रस्टचा विचार करा. १८८२च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो: मालमत्ता विश्वस्तांच्या नावावर, खर्च फक्त त्या मुलासाठी. हयातीत घर ट्रस्टमध्ये घालायचे तर नोंदणीकृत दस्त लागतो, मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो, पुढे पॅन आणि हिशेब सांभाळावे लागतात. मुले कर्ती असतील तर हा व्याप करू नका. साधे मृत्युपत्र बस्स आहे. ते कधीही बदलता येते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे.

बाबांना मधली वाट कुणी सांगितली नाही, याची मला फार हळहळ वाटते. आपल्या मृत्यूनंतर ट्रस्ट व्हावा, असे मृत्युपत्रातच लिहिता येते. तोवर घर, पैसा आपल्याच ताब्यात राहतो. मी तसे लिहिले आहे. नॉमिनी नेमला म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. विम्याचा नॉमिनी मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये सांगितले होते; २०१५मध्ये कायदा बदलून जोडीदार, मुले, आई-वडील अशा जवळच्या नॉमिनींसाठी नियम वेगळा झाला, पण प्रत्येक नॉमिनी मालक ठरतोच असे नाही.

विश्वस्त आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा, एकाला पर्यायी दुसरा ठेवा. आणि नाव लिहिण्याआधी त्यांच्या घरी जा, मुलाला सोबत न्या आणि समोर बसून विचारा.