यंत्र तेच, दुकान वेगळे : विक्रीनंतरच्या सेवेचा हिशेब

गवत कापण्याचा ग्रासकटर, झाड कापण्याची चेन सॉ, फवारणीचा पंप, लहान जनरेटर, पॉवर टिलर ही यंत्रे आता कोकणातील बहुतेक तालुक्यांच्या बाजारपेठांत मिळतात. पूर्वी त्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आज एकाच रस्त्यावर दोन-तीन दुकाने दिसतात. त्यांत कंपन्याही बहुधा त्याच असतात आणि किमतीतला फरक शे-पाचशेच्या पलीकडे जात नाही. मग घ्यायचे कोठून, असा प्रश्न वाचक आम्हाला वारंवार विचारतात.

हा प्रश्न घेऊन आम्ही दक्षिण रायगडमधील तीन दुकानांत जाऊन बसलो. दुकानदारांशी, मेस्त्रींशी आणि गिऱ्हाइकांशी बोललो. दुकानांची नावे येथे देत नाही, कारण कोणाची जाहिरात अगर बदनामी करणे हा या लेखाचा हेतू नाही. दुकान चालवणाऱ्याने आणि दुकानात जाणाऱ्याने, दोघांनीही या अभ्यासातून काही घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

विक्रीपूर्वीचा प्रश्न

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, ते या भागात कोणी विसरलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले आणि अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. त्या दिवसांत जनरेटर आणि चेन सॉ या दोन वस्तूंना जेवढी मागणी होती, तेवढी पूर्वी कधी नव्हती. दुकानदाराची परीक्षा अशाच वेळी होते.

एका गावातील गृहस्थांनी विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप चालवण्यासाठी पहिल्या दुकानातून १ केव्हीएचा जनरेटर घेतला. दुकानदाराने पैसे मोजून घेतले आणि खोके टेम्पोत चढवले. घरी गेल्यावर जनरेटरवर दिवे लागले, पंखा फिरला, पण पंप काही सुरू होईना. कारण साधे आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. मोटारीतील घट धरता असा पंप चालताना हजार वॉटच्या आसपास वीज ओढतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. एवढा झटका १ केव्हीएच्या यंत्राला सोसत नाही. घरात दिवे होते, पण पाणी मात्र बायका-मुलांना कळशीनेच ओढावे लागले.

त्याच आठवड्यात तिसऱ्या दुकानाच्या मालकाने प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रथम एकच प्रश्न विचारला, "यावर काय काय चालवणार?" उत्तर ऐकून त्याने काहींना मोठे यंत्र सुचवले आणि काहींना घेऊच नका, असेही सांगितले. जनरेटर बंद खोलीत चालवू नये, त्याच्या धुरातील विषारी वायूने झोपेतच माणूस दगावतो, हे तो बजावून सांगे. घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच बसवलाच पाहिजे, नाहीतर वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो, हेही तो सांगे. या बोलण्याला पाच मिनिटे लागतात. मात्र दारात रांग लागलेली असताना ती पाच मिनिटे काढणारा दुकानदार विरळा.

यंत्र हाती देताना

दुसरा फरक यंत्र ताब्यात देताना दिसतो. बहुतेक ग्रासकटर आणि चेन सॉ यांचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्याला वेगळी ऑइलची टाकी नसते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते आणि त्यावरच आतला पिस्टन जगतो. कंपनी सांगेल ते प्रमाण पाळायचे. ते १:५० असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र साधे पेट्रोल आणि त्याचे ऑइल वेगळे. हा फरक न सांगितल्यामुळे नवीन यंत्र पहिल्याच आठवड्यात जाम झाल्याची उदाहरणे प्रत्येक मेस्त्रीकडे आहेत.

पहिल्या दुकानात माहितीपुस्तिका खोक्यातच राहते. दुसऱ्या दुकानात तोंडी सांगतात, पण घाईत. तिसऱ्या दुकानात यंत्र खोक्यातून काढून जोडतात, गिऱ्हाइकाच्या हातून ऑइल मिसळवून घेतात, त्यालाच दोरी ओढायला लावतात आणि ऑइलच्या मापाची खूण केलेली एक बाटली बरोबर देतात. त्या बाटलीची किंमत ती काय? पण आम्हाला भेटलेल्या गिऱ्हाइकांनी दुकानाची आठवण काढली ती त्या बाटलीवरून.

चेन सॉच्या बाबतीत तर ही शिकवण जिवाशी निगडित आहे. पात्याचे टोक लाकडाला लागले की सॉ उसळून मागे चेहऱ्याकडे येते. चेन ब्रेक त्यासाठीच असतो. वादळात पडलेले झाड वाकून ताणलेले असते. चुकीच्या बाजूने कापले तर ते धनुष्यासारखे सुटते. चेनमधून लाकडाच्या कपच्या न पडता भुसा पडू लागला, म्हणजे धार गेली आणि यंत्रावर जोर पडू लागला, असे समजावे. आयुष्यात प्रथमच हे यंत्र हातात धरणाऱ्या तरुणाला एवढे न सांगता ते देणे, याला आम्ही विक्री म्हणणार नाही.

बिघाडाच्या दिवशी

खरा फरक कळतो तो यंत्र बंद पडल्यावर. गणपती उरकले की वाड्यांतून, आंब्याच्या बागांतून बेणणी सुरू होते. गावोगावचे तरुण स्वतःचा ग्रासकटर खांद्याला अडकवून दुसऱ्यांच्या वाड्या साफ करून देतात. त्यांची वर्षाची कमाई या थोड्या आठवड्यांवर असते.

अशाच एका तरुणाचे यंत्र ऐन हंगामात सुरू होईना. तो पहिल्या दुकानात गेला, कारण यंत्र तेथूनच घेतलेले होते. "कंपनीच्या सेंटरला पाठवतो, फोन करू," एवढे सांगून यंत्र ठेवून घेतले. फोन आला नाही. आठव्या दिवशी तो स्वतः गेला तेव्हा यंत्र जेथे ठेवले होते तेथेच होते. घेतलेल्या दोन वाड्यांचे काम तोवर दुसऱ्याने उरकले होते. त्याने यंत्र उचलून दुसऱ्या दुकानात नेले. तेथील मेस्त्रीने न उघडताच कार्बोरेटर बदलावा लागेल म्हणून सांगितले आणि खर्चाचा आकडा दिला. तो ऐकून तरुण तिसऱ्या दुकानात आला.

तेथे आम्ही बसलो होतो. म्हाताऱ्या मेस्त्रीने यंत्र हातात घेण्यापूर्वी विचारले, "भाऊ, शेवटचे कधी चालवले? टाकीत पेट्रोल कधीचे? ऑइल कोणते घातलेस?" पेट्रोल पावसाळ्यापूर्वीचे होते. त्याने टाकी एका काचेच्या बाटलीत रिकामी केली. तळाशी वेगळा थर बसलेला दिसला.

याचे कारण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल हवेतील दमटपणा ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात टाकी महिनोन्‌महिने भरलेली राहिली तर पाणी आणि इथेनॉल खाली बसते, ऑइल वर पेट्रोलमध्ये राहते. खालचा थर इंजिनात गेला तर ते सुरू होत नाही, आणि झालेच तर ऑइलविना चालून घासले जाते. कार्बोरेटरचा रबरी पडदाही कडक होतो. उपाय सोपा आहे. काम संपले की टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे.

मेस्त्रीने कार्बोरेटर उघडून धुतला, पडदा आणि प्लग बदलला, ताजे मिश्रण घातले. तासाभरात यंत्र सुरू झाले. बिल दुसऱ्या दुकानाने सांगितलेल्या आकड्याच्या पाव हिश्शाहूनही कमी झाले. जुना पडदा आणि प्लग त्याने कागदात गुंडाळून तरुणाच्या हातात दिले. बदललेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा त्या दुकानाचा नियम आहे.

तेथे नकारही मिळतो, हे सांगितले पाहिजे. त्याच दिवशी एक बागायतदार जाम झालेले यंत्र घेऊन वॉरंटीत बदलून मागत होते. मेस्त्रीने सायलेन्सर काढून त्यांना आतला पिस्टन दाखवला. त्यावर उभे ओरखडे होते, म्हणजे यंत्र ऑइलविना चाललेले. वॉरंटी कारखान्यातील दोषाची असते, चुकीच्या वापराची नव्हे. बागायतदार नाराज झाले, पण फसवले गेले असे त्यांना वाटले नाही, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

दुकानदाराची बाजू

पहिल्या दुकानदाराला आम्ही वाईट म्हणणार नाही. त्याने आपली अडचण मोकळेपणी सांगितली. शिकवून तयार केलेला मुलगा दोन वर्षांत आखातात किंवा मुंबईला जातो. सुटे भाग भरून ठेवायचे तर भांडवल अडकते. इंटरनेटवरची किंमत दाखवून गिऱ्हाईक घासाघीस करते, तेव्हा विक्रीत फारसे सुटत नाही. हे सारे खरे आहे. पण तिसऱ्या दुकानदारालाही याच अडचणी आहेत. त्याने हिशेब वेगळा मांडला, एवढेच.

समजा, एका ग्रासकटरच्या विक्रीत १,००० रुपये सुटले. तेच गिऱ्हाईक दरवर्षी नायलॉन दोरी, ब्लेड, प्लग, ऑइल आणि सर्व्हिसिंग यांसाठी येत राहिले आणि त्यात वर्षाला ४०० रुपये सुटले, तर पाच वर्षांत २,००० होतात. म्हणजे विक्रीच्या दुप्पट. शिवाय त्याचा शेजारी आणि मेहुणा त्याच दुकानात येतो, तो वेगळाच. म्हणून हा दुकानदार जास्त खपणारे भाग नेहमी शेल्फवर ठेवतो, मेस्त्रीला पगाराखेरीज दुरुस्तीच्या उत्पन्नात हिस्सा देतो आणि हंगामापूर्वी, मे महिन्यात व श्रावणात, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून यंत्र तपासायला बोलावतो. त्याची किंमत इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, तो उधारीही देत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइके निघून जातात, हे तो मान्य करतो. दुरुस्तीला मात्र इतर दुकानांतून घेतलेली यंत्रेही त्याच्याकडे येतात, आणि पुढचे यंत्र बहुधा तेथूनच घेतले जाते.

ग्राहकाचा हक्क

ग्राहकानेही कायदा माहीत करून घ्यावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पावती न देणे आणि सदोष माल पावतीवरील मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे, या गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीला घाबरण्याचे कारण नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी यंत्र घेऊन स्वतः काम करणारा माणूसही या कायद्याने ग्राहकच ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र पावती आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड हाती नसेल, तर बाजू लंगडी पडते. चार पैसे वाचवण्यासाठी बिनपावतीचा माल घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी काय विचारावे?

१) या दुकानात मेस्त्री कायमचा आहे की बाहेरून बोलावतात?
२) या मॉडेलचा प्लग, स्टार्टर दोरी, कार्बोरेटरचा पडदा आणि ब्लेड आज शेल्फवर आहेत काय? दाखवा म्हणावे.
३) वॉरंटीतील दुरुस्ती येथेच होते की यंत्र बाहेर पाठवतात? किती दिवस लागतात?
४) हंगामात यंत्र अडकले तर तात्पुरते दुसरे मिळेल काय?
५) यंत्र येथेच सुरू करून, वापर शिकवून देणार काय?

या पाच प्रश्नांची उत्तरे नीट मिळत असतील तर पाचशे रुपये जास्त मोजावेत. त्या तरुणाने आठ दिवसांत जी मजुरी गमावली, ती पाचशे रुपयांहून कितीतरी अधिक होती.

आपल्यापैकी अनेक तरुण परदेशातून चार पैसे साठवून परततात आणि गावाजवळच्या बाजारात असे दुकान टाकण्याचा विचार करतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, भांडवलातील मोठा वाटा काचेच्या शोरूमवर घालू नका. दुरुस्तीचे टेबल, सुट्या भागांचे कपाट आणि एक जाणता मेस्त्री यांची सोय आधी करा. पाटी नंतर रंगवली तरी चालेल.