दुकानाच्या कॉम्प्युटरवर विंडोज, लिनक्स की मॅक?

दुकानासाठी पहिला कॉम्प्युटर घेताना बहुतेक जण विचारतात, "सगळे काय वापरतात?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. "सगळे" म्हणजे कोण, ते आधी ठरवा.

टेबलावरचे कॉम्प्युटर मोजले तर जगात विंडोज सगळ्यात पुढे. मॅक बराच मागे, लिनक्स त्याच्याही मागे. आता मोबाईल मोजा. भारतात जिकडेतिकडे अँड्रॉइड, आणि त्याच्या पोटात लिनक्सचाच कर्नल! जगातल्या सर्वात वेगवान 500 सुपरकॉम्प्युटरच्या यादीत तर 2017 च्या नोव्हेंबरपासून सगळेच लिनक्सवर. म्हणजे "लिनक्स कोणी वापरत नाही" हे खोटं. पण "म्हणून माझ्या दुकानातही चालेलच" हेही खरं नाही.

माझीच चूक सांगतो. सुरुवातीला लायसन्सचे पैसे वाचवायला मी लिनक्स टाकलं. पत्रं, कोटेशन, हिशोबाची शीट, सगळं मस्त चालायचं. मग जीएसटी रिटर्नची तारीख आली. आमच्या सीएंना टॅलीचा डेटा हवा होता, आणि टॅली बनलंय विंडोजसाठी. दोन रात्री जागून सगळ्या एंट्र्या पुन्हा केल्या, वर लेट फी भरली. वाचवलेले पैसे तिथेच गेले. यात लिनक्सचा काय दोष? मीच आधी विचारलं नव्हतं.

म्हणून पैसे देण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहा:

1. माझं बिलिंग आणि अकाउंटचं सॉफ्टवेअर कशावर चालतं?
2. माझे सीए काय वापरतात?
3. प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन त्यावर चालेल का?
4. बिघडलं तर जवळपास दुरुस्त कोण करेल?

सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल, तर लिनक्स बिनधास्त घ्या, पैसे वाचतील. टॅली लागणार असेल तर विंडोज, तेही ओरिजनल. फुकटच्या कॉपीत व्हायरस शिरला तर ग्राहकांच्या उधारीची वही त्याच्यासोबत जाईल.

सेकंडहँड मशीन घेताय? विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं. ते आहे का, हे दुकानातच तपासून घ्या.

आजचा होमवर्क एकच: सीएंना फोन करा. जगाचा आकडा नंतर बघू!