नाण्यावरील मुद्रा
उपदेशकवर्गाकरितां पाठ. शास्त्रभाग: मत्तय २२:१५-२२

ह्या उताऱ्यांत प्रभूनें नाणें मागून त्यावरील मुद्रा कोणाची, असें विचारिलें. हाच प्रश्न १९४८ पूर्वीं जळकोटांत कोणी विचारिला असता, तर आमच्या वडीलधाऱ्यांनीं निजामाचा हाली शिक्का काढून त्यावरील चारमिनार दाखविला असता. आज आपल्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. मुद्रा पालटली, कर द्यावयाचा तो द्यावयाचाच. परंतु मनुष्यावर मुद्रा आहे ती देवाची (उत्पत्ति १:२७), आणि ती कोणत्याही सरकारच्या टांकसाळींत पडत नाहीं.

मग सरकारची सत्ता कोठें थांबते? इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक ह्यानें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेविषयींच्या पत्रांत उत्तर दिलें, त्याचा आशय असा: बळानें देह वांकवितां येतो, विश्वास उपजवितां येत नाहीं, सबब आत्म्यांची काळजी हें राज्यकर्त्याचें कामच नव्हे. (नास्तिकांस मात्र त्यानें ही मोकळीक दिली नाहीं, हें त्याचें उणें.)

आपल्या मराठवाड्यांतील दाखला पाहा. रेव्ह. नारायण शेषाद्रि ह्यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला. पुढें त्यांनीं जालन्याजवळ बेथेल गांव वसविलें. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांनीं दिली. उपकार खरा, पण तो दिवाणाच्या मर्जीचा. त्याच संस्थानांत पुढें सभेकरितां परवाना मागावा लागे, आणि १९३८-३९ सालीं आर्यसमाजास धर्मस्वातंत्र्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. मर्जीनें आलेलें मर्जीनें जातें. म्हणून स्नेही सरकारापेक्षां निःपक्षपाती सरकार आम्हांस अधिक हिताचें वाटतें.

२६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या २५ व्या कलमानें विवेकाचें स्वातंत्र्य, तसेंच धर्म पाळण्याचा व प्रसार करण्याचा हक्क सर्वांस सारखा दिला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य ह्यांची मर्यादा ठेविली. प्रसाराच्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. तो कित्येकांस खटकतो. परंतु दुसऱ्याचें मन पालटणें आमच्या हातीं केव्हां होतें?

तथापि निःपक्षपातांत एक मोठी खोट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्याच ठेविल्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. महार-मांग बंधूनें बाप्तिस्मा घेतला, म्हणजे गांवकरी त्याची जात विसरतात असें नाहीं. सवलत मात्र जाते. कायद्यानें विवेकाला दंड केला नाहीं, पण त्याचें मोल घेतलें. लेंकरांच्या शिक्षणासाठीं कोणी दाखल्यावर एक व मंडळीच्या नोंदवहींत दुसरें लिहितो. तें आम्हांस मान्य नाहीं. तरी त्यास ढोंगी म्हणण्यापूर्वीं उपदेशकांनीं त्याच्या घरीं जाऊन बसावें.

आतां आमच्याच दारची गोष्ट. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा केवळ जातपंचायतींसाठीं झाला, असें समजून आम्ही मोकळे होऊं नये. मंडळींतून कोणी परत जुन्या मार्गाकडे गेला, तर नोंदवहींतून त्याचें नांव कमी करणें निराळें, आणि लग्न, मयत, पाणी ह्यांतून त्यास तोडणें निराळें. हा भेद उपदेशकांनीं आपल्याच गांवीं घडलेल्या गोष्टीवरून, कोणाचें नांव न घेतां, वर्गास समजावून द्यावा.