बुलेट की होंडा?

काचीगुडा, हैदराबाद

चि. मृण्मयी,


तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला. तुला बुलेट हवी, त्यांच्या मते होंडा घ्यावी, आणि निवाडा मामाने करायचा! बुलेटचं तेल गळतं, असं ते म्हणतात. खोटं नाही, पण ते जुन्या बुलेटबद्दल. तिचा सिलिंडर बिडाचा, गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, जागोजागी गॅस्केट. तेल कुठून ना कुठून पाझरायचंच. टॅपेट आणि पॉइंट वरचेवर उस्तादाकडून लावून घ्यावे लागत. तू बघतेयस ती बुलेट म्हणजे 2021 नंतरची क्लासिक. तिचं 349 सीसीचं इंजिन नव्याने घडवलेलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन. नाव जुनं राहिलं, म्हणून बदनामीही वारशाने आली. होंडाचं उलटं. नावावर इतका भरवसा, की जुनी घेताना ऑइल कधी बदललं होतं हेसुद्धा लोक विचारत नाहीत.

1985 साली आपल्याकडे दोन गाड्या आल्या, दोन्ही जपानी घराण्यातल्या. हीरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100. सीडी पेट्रोल हुंगून चालायची आणि बंद पडायचं नाव घ्यायची नाही. आरएक्स टू-स्ट्रोक, पेट्रोल प्यायची, वर टूटी ऑइल मागायची, पण अकरा हॉर्सपॉवर आणि हलकं अंग, पिळली की उडायची. सीडीवर कितीतरी घरांचे संसार चालले. तरी आज जुन्या आरएक्ससाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, सीडीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. मला सीडीवर हा अन्याय वाटतो, पण असं का होतं तेही कळतं.

तेव्हा गाडीचं नाव बाजूला ठेव आणि तू कुठे जाणार ते बघ. नुसतं कोंडापूर ते गच्चीबौली करायचं असेल तर बाबांचं ऐक. मे महिन्यात सिग्नलला 195 किलोची एअर-कूल्ड गाडी मांड्यांमध्ये धरून उभं राहण्यात काही मजा नाही. पण रविवारी पहाटे मोइनाबाद, चेवेल्ला करत अनंतगिरीला जाणार असशील, तर क्लासिक घे. त्या रस्त्याच्या जुन्या वडांखालून साठच्या वेगात जायला तिच्यासारखी गाडी नाही. (आउटर रिंग रोडवर दुचाकीला बंदी आहे, तिकडे शिरू नकोस.) ट्रायल शोरूमभोवतीची नको, संध्याकाळी सहाला मेहदीपट्टणमच्या गर्दीत घे. गाडी आवडते की नुसता तिचा आवाज, ते तिथे कळेल.

आणि घेतलीस तर सांभाळ. साधारण पाचशे किलोमीटरला चेनला ल्यूब, पावसात भिजली तर आधीच. ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेव्हा, पगार झाल्यावर नव्हे. श्रीशैलमला जायचं मनात असेल तर पंक्चर काढायला आधी शीक. अमराबादच्या जंगलात उस्ताद भेटत नाही, आणि रात्री नऊला तो रस्ता बंद करतात.

बाबांना मी समजावतो. फक्त हेल्मेटच्या पैशात काटकसर केलीस तर मी त्यांच्या बाजूने.

तुझा,
मामा